राबाचा रविवार

डोंगर पेटला की आमच्या सोसायटीत सगळ्यात आधी मोबाइल वर होतात. बेलवलीतल्या आमच्या गच्चीवरून डोंगराची अख्खी रांग दिसते. फ्लॅट घेताना एजंटानं ते चार-चारदा सांगितलं होतं. होळीच्या सुमारास संध्याकाळी त्या रांगेवर एक केशरी रेघ उमटते आणि हळूहळू वर सरकते. लोक लहान मुलांना कडेवर घेऊन ती दाखवतात. एकदा शेजारीण म्हणाली, "काय मस्त दिसतंय ना, एकदम दिवाळीसारखं!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मस्त? तिथं ससे भाजतायत, लांडोरीची अंडी भाजतायत. तुमच्या किचनला लागली ना, की मी खाली उभी राहून व्हिडिओ काढते. चालेल?" तेव्हापासून ती लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

तर असं माझं तोंड. आणि एवढं तोंड असलेल्या बाईनं, ज्या दिवशी ते खरंच उघडायला हवं होतं, त्या दिवशी गप्प बसून दाखवलं. ते सांगायचंय.

मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. वीस वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या बघतेय, एखादा कप्पा रिकामा राहिला असेल तर ती पट्टी बाजूला काढायची. पण माझं माहेर त्या डोंगराच्या पायथ्याशी, बदलापूरच्या पुढे. आमची वाडी लहान. आता तिथं बाबा एकटेच राहतात. भाऊ कामानिमित्त गुजरातेत, आई अकरा वर्षांपूर्वी गेली.

बाबा शेतकरी, पण वाडीत त्यांची ओळख आग विझवणारा माणूस अशीच. तरुणपणी होळीपासून पाऊस पडेपर्यंत ते वनखात्याकडे हंगामी कामाला जायचे, डोंगरावर आग राखायला. आगीबद्दल त्यांना जे कळतं ते मी दुसऱ्या कुणाकडं पाहिलेलं नाही. "आग चढाला पळते आनी उताराला सरपटते," ते सांगायचे. "म्हणून आगीच्या वर कंदी उभं रायचं नाय. जळल्या अंगानं, म्हंजे जळून गेलेल्या बाजूला उभं रायचं. एकदा जळलं ते परत जळत नाय." विझवायचं ते हिरव्या डहाळीनं. तेही झोडपून नाही, कारण झोडपलं की ठिणग्या उडतात आणि एकाच्या चार आगी होतात. डहाळी ठेवायची आणि दाबायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना मला त्यांनी चुलीतल्या राखेवर हे शिकवलं होतं. आईनं दोघांनाही शिव्या घातल्या होत्या.

त्यांचा राग एका शब्दावर होता. वणवा लागला की खात्याचा कागद व्हायचा आणि त्यात कारणाच्या रकान्यात लिहिलं जायचं, 'अज्ञात'. बाबा भडकायचे. "अज्ञात कोण? त्याला घर नाय? बायको नाय? काडी काय आभाळातून पडली?" कुणी मोहाची फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला पेटवतो, कुणी पुढच्या साली गवत चांगलं येईल म्हणून, कुणी बिडी टाकतो, कुणी पार्टी करून चूल तशीच सोडून जातो. बाबांना सगळे माहीत असायचे, पण कागदावर कुणी यायचं नाही. वणवा म्हणजे मुलखातला सगळ्यात सोपा गुन्हा, असं ते म्हणायचे.

आई गेली त्या वर्षी बाबा कशातच नव्हते. जेवायचे, ओट्यावर बसायचे. मी दर रविवारी जायचे, बोलायचे, भांडायचे, काही उपयोग नाही. मग एका रविवारी गेले तर घराला कडी. शोधत शोधत शेतामागच्या चढावर गेले. ती जागा खात्याची, पण आमच्या बांधाला लागून. नुसतं गवत आणि जळकी खुंटं, दरवर्षी आग जायचीच तिथून. बाबा तिथं उकिडवे बसून कुदळीनं काहीतरी उकरत होते. मला बोलावून दाखवलं. वर बोटाएवढा ऐनाचा फुटवा, आणि खाली जमिनीत मांडीएवढं मूळ.

"ह्ये बघ बाय," ते म्हणाले. "किती वरसांचं झाड हाय ह्ये. दरसाल जळतंय, दरसाल फुटतंय. वर यायला कुणी देतच नाय त्याला."

मी आपली उत्साही. पुढच्या वेळी नर्सरीतून वीस रोपं घेऊन गेले. बाबा हसले, आई गेल्यावर पहिल्यांदा. "लावतेस कशाला? जमिनीत हायत की सगळी. फक्त आग येऊ द्यायची नाय. बाकी त्यांचं ती बघतील."

आणि खरंच, अकरा वर्षांत बाबांनी तिथं एकही झाड लावलं नाही. आग तेवढी येऊ दिली नाही. दर डिसेंबरात चढाच्या वरच्या अंगाला आणि दोन्ही कडांना दोन बैलगाड्या शेजारी जातील एवढा पट्टा ते गवत कापून मोकळा करायचे, कापलेलं गवत तिथंच वाळवायचे आणि सकाळी दव असताना, वारा नसताना, थोडं थोडं जाळून टाकायचे. याला जाळरेषा म्हणतात. बाहेरची आग तिथवर आली की तिला खायला काही उरत नाही, ती बसते. पण रेषा एकदा काढली की झालं असं नाही. फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की रेषेवर पाला साचतो आणि पाल्यावरून आग चालत पलीकडे येते. म्हणून दर चार दिवसांनी झाडू. माझे बाबा डोंगर झाडायचे. वाडीतली माणसं हसायची, म्हातारा बायकोच्या माघारी येडा झाला म्हणायची.

हसू देत. तिसऱ्या वर्षी ऐन माझ्या कमरेला लागला, सहाव्या वर्षी डोक्याच्या वर गेला. कुंभा आला, किंजळ आला, करवंदीच्या जाळ्या झाल्या. बाबा दुपारी चहा किटलीत भरून तिथं जाऊन बसायचे. आईचं नाव कधी घेतलं नाही, पण एकदा मी म्हटलं, "बाबा, उन्हात कशाला जाता एवढं?" तर म्हणाले, "घरात कोण हाय?" मी समजले. ती जागा होती म्हणून बाबा होते. इतकं ते सरळ होतं.

तीन बाजूंना रेषा, मी म्हटलं. चौथी बाजू खालची. तिथं आमचंच शेत. भात काढल्यावर उघडं, काळंभोर, तिथून आग येणार कशी?

आता राबाचं सांगते. आमच्याकडं भाताचं रोप करायचं तर आधी जमीन भाजावी लागते. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, पाला, बारीक काटक्या, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. आत धुमसत राहतं, तण मरतं, राखेचं खत होतं. हा राब. मी लहान असताना अख्ख्या वाडीचा राब एकाच दिवशी भाजला जायचा. आदल्या दिवशी प्रत्येकानं आपापला बांध गवत काढून साफ करायचा, त्यात कुचराई केली तर शिव्या. आणि भाजताना घराघरातलं एक माणूस डहाळी घेऊन बांधावर. आम्हा पोरांना ती जत्राच वाटायची. त्या जत्रेनंच डोंगर वाचत होता, हे माझ्या डोक्यात आलं ते फार उशिरा.

कारण आता राब करणारे बाबा एकटेच उरलेत. बाकीच्यांनी जमिनी विकल्या. आमच्या बांधाला लागूनचा तुकडा शहरातल्या कुणीतरी घेतला, तारेचं कुंपण घातलं, गेटला कुलूप ठोकलं आणि गेला तो गेलाच. बंगला नाही, शेती नाही, गुरं नाहीत. गवत छातीएवढं वाढलं. बोर्डावरच्या नंबरला मी किती फोन केले. रिंग जायची. बाबांना म्हटलं, तारेखालून शिरून कापून टाकू. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या कुलपात शिरायचं नाय." मग आमच्या बाजूनं हात घालून जमेल तेवढं, दोन-तीन हात रुंद, कापून घेतलं. त्या तुकड्याची वरची कड सरळ चढाला भिडते.

बाबा थोडासाच राब करतात, घरच्या लाल भाताच्या बियाण्यापुरता. आणि ते एकटे कधी पेटवत नाहीत. एक पेटवायला, एक बांधावर डहाळी घेऊन. दुसरी मी. त्यासाठीच रविवार धरायचा. एप्रिलमधला एक रविवार ठरला, सकाळी सातला.

गुरुवारी मला फोन आला. अंबरनाथ पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये पर्यावरणाचा कार्यक्रम आहे, तुमचा सत्कार करायचाय. झालं असं होतं की मी चढाचे फोटो काढून टाकायचे, आधीचा फोटो, आताचा फोटो, आणि खाली बाबांचं आगीचं ज्ञान माझ्या नावावर. ते ग्रुपाग्रुपांतून फिरलं. मला लोक ओळखायला लागले. कंपनीत सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम तो फेमस हो गयी." खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. आयुष्यभर रिकामे कप्पे बघणाऱ्या बाईला कुणीतरी स्टेजवर बोलावतंय. मी हो म्हटलं. त्यांना बाबांना बोलवा असं सुचवायचं माझ्या मनातही आलं नाही.

कार्यक्रम आठला, नऊला संपेल असं सांगितलं. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "हरकत नाय. वारा अकराला उठतो. दहाला काडी लावली तरी दोघं असलो तर अकराच्या आत राब दबतो. त्याच्यापुढं नाय पन. नाय जमलं तर पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी म्हणाले होते. हे मी विसरत नाही.

आठला मी हॉलमध्ये हजर, नवीन साडीत. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. नऊ वाजले. माइकवर "हॅलो, चेक" चाललेलं. पाहुणे निघालेत, पाहुणे येतायत, पाहुणे ट्रॅफिकमध्ये आहेत. मला तेव्हाच उठून जाता आलं असतं. पण माझं नाव पत्रिकेत छापलेलं, खुर्ची पहिल्या रांगेत, आणि शाल-श्रीफळ समोर टेबलावर दिसत होतं. मी बसून राहिले.

दहा वाजून गेल्यावर बाबांचा फोन आला. "बाय, येतेस ना? का पुढल्या रविवारी ठेवू?"

पुढच्या रविवारी माझी शिफ्ट होती. आणि दोनदा दिलेला शब्द मोडायची लाज वाटली. मी म्हटलं, "नको नको बाबा, रस्त्यातच आहे मी. बदलापूर आलंच."

आमच्या भागात हे वाक्य कुणीही कुणालाही सांगतं. 'रस्त्यातच आहे' म्हणजे माणूस अजून चपला शोधतोय, हे सगळ्यांना माहीत असतं. मीही दिवसातून दोनदा ऐकते आणि दोनदा बोलते. पण बाबांना ते माहीत नव्हतं. ते रस्त्यात आहे म्हटल्यावर रस्त्यात आहे असंच समजणार.

"मग लावू का काडी?" त्यांनी विचारलं. "तू येईस्तोवर पेट घेईल."

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी गेटात शिरली. सगळे उभे राहिले, मीही उभी राहिले. "हो हो, लावा," म्हटलं आणि फोन सायलेंटवर टाकून पर्समध्ये ठेवला.

दिवा लागला, स्वागतगीत झालं, पाहुणे भरपूर बोलले. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि पुष्पगुच्छाऐवजी पिशवीतलं गुलमोहराचं रोप. मग मी बोलले. काय बोलले ते सांगायलाही जीभ उचलत नाही. "मित्रांनो, आग चढाला पळते. ऊन तापल्यावर, वारा उठल्यावर काडी लावायची नाही. आणि एकट्यानं तर कधीच नाही." टाळ्या पडल्या. भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात सव्वाअकरा वाजले होते. ते बघूनसुद्धा माझ्या डोक्यात लखकन काही झालं नाही. मी खाली आले, दोघींनी सेल्फी घेतले, मग पर्समधून फोन काढला.

दोन मिस्ड कॉल. अकरा वाजून पाच. अकरा वाजून सात. बाबा.

मी लावला. उचलला नाही. परत लावला. स्कूटीच्या डिकीत शाल कोंबली, रोप कुठं ठेवलं आठवत नाही, आणि सुटले. रस्ता तोच, रोजचा, पण त्या दिवशी प्रत्येक रिक्षा माझ्याच समोर वळत होती. बदलापूर ओलांडलं आणि धूर दिसला. मी स्वतःला सांगितलं, राबाचा आहे. पण राबाचा धूर पांढरा असतो, जमिनीलगत रेंगाळतो. हा पिवळट काळा होता आणि उभा चढत होता. बाबांनी शिकवलेलं ज्ञान त्या दिवशी नसतं तर बरं झालं असतं.

वाडीत पोचले तेव्हा राब आपला शहाण्यासारखा धुमसत होता, अर्धा झालेला. काय घडलं ते जमिनीवर लिहिल्यासारखं दिसत होतं. वारा उठला तेव्हा राबाच्या कडेचा पेटता पाला उडाला. बांधावर डहाळी घेऊन उभं राहायला माणूस नव्हतं. पाला आम्ही कापलेल्या पट्ट्यावरून सहज पलीकडं पडला, कुलपाच्या आतल्या छातीएवढ्या गवतात. तिथून आगीला वर जायला सरळ चढ आणि पाठीमागून वारा. बाबा तारेच्या अलीकडं उभे राहून मला फोन करत असणार, दोनदा. मग त्यांनी मोबाइल बांधावर ठेवला होता. तिथंच पडलेला होता तो, माझे पुढचे सगळे कॉल घेऊन.

आणि बाबा वर होते, पाऊण तास आगीला थोपवत मागं मागं सरलेले. आगीच्या वर. ज्या माणसानं मला आयुष्यात एकच गोष्ट बजावून सांगितली होती, तो माणूस आग आणि झाडं यांच्या मधे उभा राहून डहाळीनं झोडपत होता. दाबत नव्हता, झोडपत होता. ठिणग्या उडत होत्या. मी खालून ओरडले, "बाबा, बाजूला व्हा! जळल्या अंगाला या!" त्यांना ऐकू जात नव्हतं. सुकं गवत पेटलं की त्याचा आवाजच एवढा मोठा असतो. मी साडी खोचली आणि कडेच्या जळलेल्या भागातून वर पळाले. चपलेचा तळ वितळला. मी त्यांचा दंड धरून ओढला तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भुवया जळलेल्या, आणि म्हणाले, "आलीस?"

बस, एवढंच. "आलीस?" त्यात राग नव्हता हो. असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं काळ्या जमिनीवर उभे राहिलो आणि बघत राहिलो. करायला काही नव्हतं. दोन माणसं, दोन डहाळ्या, समोर घराएवढ्या ज्वाळा. करवंदीच्या जाळ्या फटाफट फुटल्या. ऐनाची पानं आधी तपकिरी झाली, मग पेटली. एक लांडोर चालत बाहेर आली, उडायचं विसरल्यासारखी, आणि आमच्या पायांजवळून निघून गेली. मी रडत होते. बाबा रडत नव्हते. ते आगीचा वेग बघत होते, पूर्वी कामावर असताना बघायचे तसा.

धूर बघून वनखात्याची मुलगी आली तोवर मला पोचून अर्धा तास झाला होता. वनरक्षक आहे, देशावरची, तीन वर्षांपूर्वी नवीन लागली तेव्हा डहाळी कशी दाबायची ते तिला बाबांनीच शिकवलं. 'आजोबा' म्हणते त्यांना. सोबत तीन मजूर आणि पाठीवर पाला उडवायचं मशीन. तीही येऊन उभी राहिली. आग वरच्या जाळरेषेला पोचली, दोन्ही कडांच्या रेषांना पोचली, आणि बसली. बाबांनी झाडून लख्ख ठेवलेली रेषा. पलीकडचं गवताचं एक पातंही पेटलं नाही. सगळा डोंगर वाचला. बाबांनी राखलेला तेवढा चढ जळला, आणि तोही काटेकोर, तीन बाजूंनी आखल्यासारखा.

"आजोबा, तुमच्या रेषेनं वाचवलं हो," ती मुलगी म्हणाली. चांगल्या मनानं म्हणाली.

मग ओट्यावर कागद झाला. मुलगी बसली, बाबा बसले, मी खांबाला टेकून उभी. तिनं पेन काढलं. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, मी कारण अज्ञात लिहिते."

"अज्ञात लिहायचं नाय," बाबा म्हणाले.

"अहो, गुन्हा दाखल होईल. तुमचं वय बघा. ताई, तुम्ही सांगा ना त्यांना."

मी म्हटलं, "बाबा, ऐका तिचं."

"नाव लिही माझं," ते म्हणाले. "वडलांचं पन लिही. राब मी लावला, दहा वाजून गेल्यावर, एकट्यानं, माझ्या हातानं. आयुष्यभर मी अज्ञाताला शिव्या दिल्या, आता काय म्हातारपणी मीच अज्ञात होऊ?"

तिनं लिहिलं. मग तिनं विचारलं, आणि ती विचारणारच होती, कारण ती बाबांची शिष्य. "पण आजोबा, तुम्ही सातला लावता. दहानंतर कसा काय लावलात? तोही एकट्यानं?"

माझ्या हातात फोन होता. त्यात दहा वाजून दहा मिनिटांचा कॉल होता, मी उचललेला. मी तोंड उघडलं.

बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "डोळा लागला सकाळी. उठलो तवा ऊन वर आलं होतं."

"कुणी येणार नव्हतं का मदतीला?"

"कोन येनार? मी एकटाच असतो इथं." आणि मग माझ्याकडं वळून, नेहमीच्या आवाजात, "बाय, पोरीला पानी दे. केवढी तापलीय."

मी पाणी आणायला आत गेले. माठापाशी उभी राहिले. आतून मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, कागद उलटल्याचं, बाबा सही करताना खोकल्याचं. एवढ्या वेळात मला चार वेळा बाहेर जाऊन सांगता आलं असतं. मी तांब्या भरला, पेला विसळला, परत विसळला. बाहेर आले तेव्हा मुलगी कागद घडी करून पिशवीत ठेवत होती.

नंतर बाबांना तीनदा खात्याच्या कचेरीत जावं लागलं. बाकावर बसायचे, बोलावलं की आत जायचे, तेच सांगायचे. मी सोबत असायचे. तिन्ही वेळा तेच सांगितलं, झोप लागली म्हणून. आगीबद्दल आयुष्यात एकदाच खोटं बोलले बाबा, आणि त्याला चिकटून राहिले. साहेबांनी ताकीद दिली, वय बघून सोडलं. घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा, तुम्ही असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "आता काय त्याचं. तुझी नोकरी हाय, लोकांत नाव हाय तुझं." नाव हाय म्हणे.

पावसात चढावर फुटवे आले, ऐनाचे, कुंभ्याचे, जळक्या बुंध्यातून. मी धावत सांगायला गेले. बाबा ओट्यावर बसले होते, चढाकडं पाठ करून. आता ते तसेच बसतात. म्हणाले, "फुटनारच. मुळं हायत." उठले नाहीत. त्यांचं वय शहात्तर आहे, आणि ऐन डोक्याच्या वर जायला किती वर्षं लागतात ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. डिसेंबरात रेषा मी काढली, एका मंगळवारी रजा टाकून, ती वनरक्षक मुलगी आणि मी. यंदा खालच्या बाजूलाही काढली. मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज ठरवते.

राब बंद झाला. लाल भाताचं बियाणं डब्यात आहे, यंदा पेरलं नाही. मी अजूनही रविवारी जाते. निघायच्या आधी फोन करते. बाबा विचारतात, "कुठं हायेस?" मी सांगते, घरीच आहे बाबा, अजून निघाले नाही. ते म्हणतात, "बरं."